रंगीत पाण्याची गाळणी

नवें लाल सुती लुगडें पहिल्या प्रथम धुवावयाचें असलें म्हणजे घरांतील वडील बाई बादलींत मूठभर मीठ टाकावयास सांगतात. मिठानें रंग धरतो, असा त्यांचा अनुभव. तरीहि थोडा रंग सुटतोच. बादलींतील पाणी गुलाबी होतें, तें मोरींत ओतलें जातें, आणि त्या पाण्याची गोष्ट तेथेंच संपली असें सर्वांस वाटतें. वस्तुतः तेंच लुगडें कारखान्यांत रंगविलें गेलें तेव्हां यापेक्षां कितीतरी अधिक रंग आणि कितीतरी अधिक मीठ पाण्याबरोबर वाहून गेलेलें असतें. त्या पाण्याचें काय करावें, हा प्रश्न गेलीं दीडशें वर्षें रंगाऱ्यांना आणि रसायनज्ञांना पडलेला आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यावर एक नवा उपाय पुढें आला आहे. तो म्हणजे ग्राफीनच्या पापुद्र्यांची गाळणी.

घरांतील एखाद्या चौकस मुलानें तें गुलाबी पाणी फेकून न देतां गाळून पाहावें. पूर्वीं गिरगांवच्या चाळींतून नळाच्या तोंडाला फडकें बांधण्याची चाल होती. तशा फडक्यांतून गाळलें तरी पाणी गुलाबीच राहील, आणि टीपकागदांतून गाळलें तरी गुलाबीच. गढूळ पाणी फडक्यानें निवळतें, कारण मातीचे कण त्यांत नुसते तरंगत असतात. रंगाचा प्रकार निराळा आहे. तो पाण्यांत विरघळलेला असतो. म्हणजे त्याचा एकेक रेणु सुटा होऊन पाण्याच्या रेणूंत मिसळून गेलेला असतो. दाट विणीच्या फडक्याचें छिद्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढें धरलें, तर तें एक लाख नॅनोमीटर भरतें. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रंगाचा रेणु असतो एक ते तीन नॅनोमीटर लांबीचा. तेव्हां फडक्यानें रंग अडविणें हें राजाबाई टॉवरएवढ्या उंच दरवाजानें मोहरीचा दाणा अडविण्यासारखें आहे.

कोळशाची बारीक पूड मात्र या पाण्यांतील पुष्कळसा रंग काढून घेते. पण तें गाळणें नव्हे, तें चिकटवून घेणें होय. कोळशाचें अंग रंगानें भरलें कीं त्याचें काम संपतें. गाळणें आणि चिकटवून घेणें हा भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे, कारण मोठमोठ्या प्रयोगशाळांतूनहि या दोहोंची गल्लत झालेली आहे.

मुंबईंत रंगीत पाण्याचा प्रश्न जवळजवळ गिरणीइतकाच जुना आहे. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ मध्यें स्थापिलेली पहिली सूतगिरणी ताडदेवला १८५६ मध्यें चालू झाली. योग असा, कीं त्याच वर्षीं लंडनमध्यें विल्यम पर्किन नांवाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हातून, क्विनीन तयार करण्याच्या खटपटींत, डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून पहिला कृत्रिम जांभळा रंग निघाला. १८७९ मध्यें नौरोसजी वाडिया यांनीं लहानशा जागेंत बॉम्बे डाईंगचा आरंभ केला तेव्हां तेथें सूत हातानेंच लाल, नारिंगी व हिरव्या रंगांत बुडवून उन्हांत वाळवीत असत. पुढें लालबाग, परळ, नायगांव, दादर या टापूंत गिरण्यांची दाटी झाली, आणि ज्या गिरणीला रंगखातें होतें तिच्या गटारालाहि रंग आला. समुद्र जवळ होता. त्यानें सर्व पोटांत घेतलें.

मुंबई विद्यापीठानें १९३३ मध्यें रासायनिक तंत्रशास्त्राचें खातें काढलें तें मुख्यत्वेंकरून या कापडधंद्याच्या गरजेंतून. पुढें तें माटुंग्यास गेलें आणि आज तेथेंच स्वतंत्र विद्यापीठाच्या दर्जानें चालूं आहे. या खात्याचे एक धुरीण डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन हे कृत्रिम रंगांच्या रसायनाचे जगन्मान्य पंडित होते. त्यांचा त्या विषयावरील अनेक खंडांचा ग्रंथ १९५२ पासून प्रसिद्ध होऊं लागला, आणि १९५७ मध्यें ते पुण्याच्या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. कापडाला रंग पक्का कसा बसवावा हें शास्त्र दादरच्या शेजारींच असें वाढलें. न बसलेला रंग पाण्यांतून परत कसा काढावा, याकडे लक्ष जावयास मात्र पुष्कळ काळ जावा लागला.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत एकेक भोंगा बंद पडत गेला. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारांत आज मोठमोठीं दुकानें आहेत. परंतु गिरण्या बंद पडल्या म्हणून रंगीत कापड नेसावयाचें कोणी सोडलें नाहीं. हिंदमात्याच्या वा मंगळदास मार्केटच्या दुकानांत जें कापड उलगडून दाखवितात तें आतां दुसरीकडे रंगतें. कांहीं भिवंडीला, कांहीं उल्हासनगर-तारापूरच्या बाजूस, कांहीं थेट इचलकरंजीस वा सुरतेस. मुंबईच्या गटारांतून गेलेला रंग ठाणें आणि रायगड जिल्ह्यांच्या नद्यांत दिसूं लागला आहे. उल्हासनगरचे जीन्स रंगविण्याचे व धुण्याचे कारखाने वालधुनी नदीच्या पाण्यामुळें वारंवार तक्रारीचा विषय झाले. २०१७ च्या ऑगस्टमध्यें तळोजाच्या औद्योगिक वसाहतींत, कासाडी नदीच्या परिसरांत, भटकीं कुत्रीं निळीं झालेलीं लोकांनीं पाहिलीं, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळास एक कारखाना बंद करावा लागला. पंचतंत्रांतील कोल्हा रंगाऱ्याच्या पिंपांत आपण होऊन पडला होता. या मुक्या जनावरांना तेवढेंहि स्वातंत्र्य नव्हतें. २०२० च्या फेब्रुवारींत डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींतील एक रस्ताच गुलाबी झाला होता. शहरानें आपला डाग पुसला नाहीं, शेजाऱ्याच्या अंगणांत नेऊन ठेवला, असें कोणी म्हटलें तर त्यास उत्तर देणें कठीण आहे.

रंग नुसता डोळ्यांना खुपतो एवढेंच असतें तर गोष्ट निराळी होती. एका लिटरांत एक मिलिग्रॅमहून कमी रंग असला तरी पुष्कळदां तो डोळ्यांना दिसतो. प्रमाण वाढलें कीं सूर्यप्रकाश पाण्याच्या तळापर्यंत पोंचत नाहीं, शेवाळ व पाणवनस्पति यांची वाढ खुंटते, आणि पाण्यांतील प्राणवायु घटतो. शिवाय अ‍ॅझो जातीचे कांहीं रंग मोडले म्हणजे त्यांतून कर्करोगास कारण होणारीं द्रव्यें निघतात. म्हणून जर्मनीनें व त्यामागून भारतानें एकोणिसशें नव्वदच्या दशकांत अशा रंगांपैकीं कित्येकांवर बंदी घातली.

आतां मिठाकडे पुन्हां वळलें पाहिजे, कारण खरी अडचण तेथें आहे. आज सुती कापडासाठीं जे रंग मुख्यत्वेंकरून वापरतात त्यांना रिॲक्टिव्ह रंग म्हणतात. ते १९५६ मध्यें इंग्लंडांत प्रथम बाजारांत आले. ते धाग्याशीं रासायनिक गांठ मारून बसतात, म्हणून धुतले तरी सहसा जात नाहींत. पण रंगाचे रेणु आणि पाण्यांतील सूत हीं दोन्ही ऋण विद्युद्भाराचीं असल्यामुळें एकमेकांस दूर लोटतात. मीठ घातलें म्हणजे हा दुरावा कमी होतो आणि रंग धाग्याकडे सरकतो. बाईंच्या मूठभर मिठाचें शास्त्र थोडक्यांत हेंच. कारखान्यांत गडद रंगासाठीं एका लिटरास ४० पासून १०० ग्रॅमपर्यंत मीठ लागतें. गिरगांव चौपाटीच्या समुद्रांत तें लिटरास ३५ ग्रॅमच्या आसपास असतें. म्हणजे रंगाचें पिंप समुद्राहूनहि खारट. इतकें करून शेंकडा दहापासून चाळीसपर्यंत रंग धाग्याला न लागतां पाण्यांतच राहतो, आणि राहिलेला रंग पाण्याशींच गांठ मारून बसलेला असल्यामुळें पुन्हां कामास येत नाहीं. एक किलो कापड रंगवून धुवावयास पन्नास ते दीडशें लिटर पाणी लागतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे प्रश्नाचा आकार कळतो.

या पाण्यावर आजवर पुष्कळ उपाय झाले आहेत. तुरटी किंवा चुन्यानें रंग खालीं बसवितां येतो, पण त्याचा गाळ डोईजड होतो. जंतूंकडून तो खाववितां येतो, पण हे रंग मुळांतच टिकाऊ बनविलेले असल्यामुळें जंतूंना सहसा पचत नाहींत. घरोघरीं ज्या यंत्रांतून पिण्याचें पाणी काढतात तीं उलट परासरणाचीं यंत्रें रंग आणि मीठ दोन्ही अडवितात. परंतु समुद्राइतक्या खारट पाण्यावर तीं चालवावयाचीं तर हवेच्या पंचवीसपटींहून अधिक दाब केवळ मिठाशीं झुंजण्यांत खर्ची पडतो. तमिळनाडूंतील तिरुपूरच्या रंगशाळा २०११ मध्यें मद्रास उच्च न्यायालयाच्या हुकुमानें बंद झाल्या. त्या पुन्हां उघडल्या तेव्हां एक थेंबहि बाहेर न सोडण्याच्या अटीवर, आणि उरलेलें खारें पाणी आटवून मीठ काढण्याचा खर्च डोक्यावर घेऊन.

मग हवी आहे ती गाळणी कोणती? जी रंग अडवील, पण पाण्याबरोबर मिठालाहि जाऊं देईल अशी. कारण रंग निघून गेलेलें खारें पाणी टाकाऊ नव्हे. तें परत रंगाच्या पिंपांत घालतां येतें. पाणी वांचतें, मीठहि वांचतें. घरच्या पाण्याच्या यंत्रांत मीठ पलीकडे गेलें तर तो दोष. येथें तोच गुण.

ग्राफीनची गाळणी येथें उपयोगी पडेल असें पुष्कळांस वाटतें. शिसपेन्सिलींत शिसें नसतें, ग्रॅफाइट असतें, हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक आहे. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंच्या पत्र्यांची रास होय. पत्रे इतके पातळ, कीं एक मिलिमीटर जाडींत सुमारे तीस लाख मावतात. त्यांपैकीं एकच पत्रा सुटा काढला म्हणजे तें ग्राफीन. मँचेस्टर येथें आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनीं २००४ मध्यें साध्या चिकटपट्टीनें तें सोडवून दाखविलें आणि २०१० चें नोबेल पारितोषिक मिळविलें. मात्र निर्दोष ग्राफीनमधून पाणी तर राहोच, हीलियम वायूचा अणुहि जात नाहीं. ज्यांतून कांहींच जात नाहीं त्याची गाळणी व्हावी कशी?

युक्ति आहे ती थरांची. ग्रॅफाइटवर तीव्र अम्लांची व प्राणवायु देणाऱ्या द्रव्यांची क्रिया केली म्हणजे ग्रॅफाइट ऑक्साइड तयार होतें. ही क्रिया नवी नाहीं. ऑक्सफर्डच्या बेंजामिन ब्रॉडी यांनीं ती १८५९ मध्यें केली, आणि हमर्स व ऑफमन यांनीं १९५८ मध्यें ती बरीच सोपी केली. हा पदार्थ पाण्यांत घुसळला कीं त्याचे पापुद्रे सुटे होतात आणि दूध न घातलेल्या चहासारखें तांबूस पाणी होतें. तें सच्छिद्र आधारावर ओतून खालून ओढून घेतलें म्हणजे पापुद्रे एकावर एक बसत जातात, भिंतीवर जाहिरातीवर जाहिरात चिकटवावी तसे. पापुद्र्यांतून पाणी जात नाहीं, पण दोन पापुद्र्यांच्या मधून जातें. एका पापुद्र्याच्या कडेपर्यंत जावयाचें, तेथून खालच्या फटींत उतरावयाचें, पुन्हां आडवें जावयाचें. जुन्या चाळींत गॅलरी, जिना, पुन्हां गॅलरी असें करीत खालीं उतरतात तसाच हा प्रवास. या गॅलरीची रुंदी हीच गाळणीची खरी चाळण होय.

मँचेस्टरच्याच प्रयोगशाळेंत मूळचे केरळचे राहुल नायर व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ मध्यें असें पटल करून एका भांड्याचें तोंड त्यानें बंद केलें. हीलियम आंतच राहिला, पण पाण्याची वाफ मात्र तोंड उघडें असावें तितक्या वेगानें निघून गेली. त्यांनीं गंमत म्हणून व्होडकाची बाटलीहि अशीच बंद करून ठेविली. पाणी उडून गेलें आणि मद्य अधिकाधिक तीव्र होत गेलें. वर्तमानपत्रांना ही दुसरी गोष्ट अधिक आवडली. २०१४ मध्यें त्याच मंडळींनीं दाखविलें कीं, पटल पाण्यांत भिजलें म्हणजे फट सुमारे ०.९ नॅनोमीटरची होते, आणि पाण्याचें कवच धरून ज्याची त्रिज्या ०.४५ नॅनोमीटरहून मोठी तें सर्व मागें राहतें. मिठाचे दोन्ही घटक यापेक्षां लहान असल्यामुळें पार होतात. रंगाचे रेणु अडतात. रंगशाळेला नेमकें हेंच पाहिजे होतें.

चीनमधील झेजियांग विद्यापीठांत २०१३ मध्यें रंगांवरच प्रत्यक्ष प्रयोग झाले. तेथील पटलांची जाडी अवघी २२ ते ५३ नॅनोमीटर होती. त्यांनीं शेंकडा ९९ हून अधिक रंग अडविला, आणि निरनिराळे क्षार मात्र शेंकडा २० ते ६० च अडविले. एका चौरस मीटरास सुमारे ३४ मिलिग्रॅम ग्राफीन पुरलें, आणि हवेइतक्या एकपट दाबास तासाला २१.८ लिटरपर्यंत शुद्ध पाणी वाहिलें. या आंकड्यांवरून एक हिशेब मांडतां येतो. दिवसाला दहा लाख लिटर पाणी सोडणाऱ्या रंगशाळेनें पांचपट दाब दिला, तर तिला सुमारें ३८० चौरस मीटर पटल लागेल. म्हणजे परळच्या चाळीच्या वीस-पंचवीस खोल्यांची जमीन. आणि त्यास ग्राफीन लागेल १३ ग्रॅम, एका तोळ्याहून किंचित् अधिक!

हा हिशेब वाचून हुरळून जाण्याचें मात्र कारण नाहीं. शुद्ध पाण्याचा वेग रंगीत पाण्याला मिळत नाहीं. रंग पटलावर सांचत जातो व वाट अडते. क्षेत्रफळ कित्येक पटींनीं वाढवावें लागतें. प्रयोगशाळेंत पटल असतें रुपयाएवढें किंवा तळहाताएवढें. तें शेंकडों चौरस मीटर करून, गुंडाळून, महिनेच्या महिने चालवावयाचें आणि मध्येंच कोठेंहि भोंक पडूं द्यावयाचें नाहीं, ही निराळी विद्या आहे. एकाच फाटक्या जागेंतून सर्व रंग पलीकडे जातो.

त्याहून मौजेची अडचण पटलाच्या स्वभावांतच आहे. ग्राफीन ऑक्साइडला पाण्याची आवड आहे म्हणूनच त्यांतून पाणी जातें, आणि त्याच आवडीमुळें तें पाण्यांत फुगून सुटें होऊं पाहतें. मग प्रयोगशाळांतील पटलें टिकलीं कशीं? अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं याचा उलगडा २०१५ मध्यें केला. पुष्कळ संशोधक पापुद्रे ज्या आधारावर गाळीत तो ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा होता. अम्लधर्मी द्रावणांत त्यांतील थोडें ॲल्युमिनियम विरघळून पापुद्र्यांमध्यें शिरलें होतें आणि त्यांना बांधून ठेवीत होतें. टेफ्लॉनच्या आधारावर केलेलें तेंच पटल पाण्यांत विस्कटून गेलें. ज्या गुणाचें श्रेय ग्राफीनला दिलें जात होतें तो त्याच्या चौकटीचा निघाला! तेव्हांपासून पापुद्रे जाणून-बुजून बांधण्याचे प्रयत्न चालले आहेत. कोणी धातूंचे अणु घालतात, कोणी कार्बनी दुवे घालतात, कोणी त्यांतील प्राणवायु कमी करून त्यांना जवळ आणतात. जवळ आणावें तितके ते टिकाऊ होतात आणि तितकाच पाण्याचा वेग कमी होतो.

दुसरी सावधगिरी मघाच्या कोळशाची आहे. ग्राफीन ऑक्साइडवर पाण्यांत ऋण विद्युद्भार असतो. कापडाचे बहुतेक रिॲक्टिव्ह रंगहि ऋण भाराचे असल्यामुळें पटल त्यांना दुरूनच परत लोटतें, आणि अरुंद फटीला या लोटण्याची मोठी मदत होते. परंतु जंतु रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यासाठीं इस्पितळांत वापरतात तो मिथिलीन ब्ल्यू धन भाराचा आहे. तो पटलाला चिकटून बसतो. पेलाभर पाणी ओतलें तर खालीं स्वच्छ पाणी येतें, आणि प्रयोग करणारा खूष होतो. पिंपभर ओतलें म्हणजे पटल भरून जातें आणि निळें पाणी खालीं येऊं लागतें. म्हणून एखाद्या नव्या पटलाची स्तुति वाचतांना रंग कोणता, पाणी किती आणि प्रयोग किती तास चालला, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून त्यावर विश्वास ठेवूं नये. खऱ्या रंगशाळेच्या पाण्यांत शिवाय खळ, साबण, सुताचे तंतु, सोडा आणि उष्णता असते. प्रयोगशाळेच्या पेल्यांत यांपैकीं बहुधा कांहींच नसतें.

खर्चाचेंहि एक अंग आहे. तोळाभर ग्राफीन ऐकावयास स्वस्त वाटतें, पण तें करतांना गंधकाम्ल व पोटॅशियम परमँगनेट मुबलक लागतें आणि पुष्कळ पाण्यानें धुवावें लागतें. त्या धुण्याचें आम्ल पाणी पुन्हां शुद्ध करावयाचें राहतेंच. बहुवारिक द्रव्यांचीं पटलें रंगशाळांत गेलीं कित्येक वर्षें चालत आली आहेत. ग्राफीनला शर्यत जिंकावयाची आहे ती त्यांच्याशीं, कोऱ्या मैदानांत नव्हे. सध्यां कित्येक ठिकाणीं ग्राफीनचा पातळ लेप त्याच जुन्या पटलांवर देऊन त्यांचें आयुष्य व वेग वाढविण्याची खटपट चालली आहे. तूर्त हाच मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो.

आणि गाळणीनें रंग नाहींसा होत नाहीं. शंभर लिटर फिकें पाणी गाळलें तर नव्वद लिटर स्वच्छ खारें पाणी परत पिंपांत जातें व दहा लिटर गडद काढा उरतो. जीन्सच्या निळीचा काढा असेल तर तो पुन्हां वापरतां येतो, कारण नीळ हवेच्या संगतीनें अविद्राव्य होऊन जशीच्या तशी राहते. कित्येक परदेशी कारखाने ती अशीच परत मिळवितात. रिॲक्टिव्ह रंगांचा काढा मात्र निरुपयोगी. तो आटवून, वाळवून, जाळावा किंवा पुरावा लागतो. मुंबईच्या परिसरांतील असा घातक कचरा जाळण्या-पुरण्याची सामायिक व्यवस्था आहे ती तळोजालाच.